व्यायाम आणि पायांतील जोडा

घरांत व्यायाम करतांना पायांत बूट असावे कीं नसावे, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. २०२० सालच्या टाळेबंदीनें तालमी, मैदानें व व्यायामशाळा बंद पडल्या आणि दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत चटई, वजनें, क्वचित् धावण्याचें यंत्रही येऊन बसलें. तेव्हांपासून हा वाद उंबरठ्याच्या आंत आला. नातू म्हणतो, बुटांवांचून घोटा मुरगळेल. आजी म्हणते, जोडे घालून देवघरासमोर उड्या मारावयाच्या हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे! दोघेही शास्त्राचाच हवाला देत असतात, आणि आपला पक्ष तेवढा स्वयंसिद्ध आहे असें दोघांसही वाटत असतें. वस्तुतः या प्रश्नाला इतिहास आहे. तो महाराष्ट्रापुरता पाहिला तरी मनोरंजक आहे, आणि कांहीं ठिकाणीं बोचणाराही आहे.

पुसेगांव म्हटलें म्हणजे बहुतेक वाचकांस सातारा जिल्ह्यांतील, सेवागिरी महाराजांचें पुसेगांव आठवतें. आमच्या मनांत आहे तें दुसरें, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतलें. हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा. पावसाळ्यांत तिचा चिखल असा चिकट होतो कीं पायताण घालून शेतांत उतरलेला मनुष्य दहा पावलांतच तें काढून हातांत घेतो. उन्हाळ्यांत त्याच जमिनीस भेगा पडतात, बांधावरच्या बाभळी आपले काटे वाटेवर पसरून ठेवतात, आणि मग अनवाणी चालणाराची नजर खालून वर येत नाहीं. पायांत घालावें कीं घालूं नये हें येथें ऋतु ठरवितो, तत्त्वज्ञान नव्हे. याच मुलखांत, हिंगोलीस, हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. छावणी म्हणजे कवाईत, आणि कवाईत म्हणजे टांच आपटणें आलें. गांवच्या तालमींत गडी पायताण दाराबाहेर काढून मातींत उतरे. छावणींत शिपाई जोडा चढवून मैदानांत उतरे. शरीर कमावण्याच्या या दोन रीती एकमेकींच्या शेजारीं नांदत होत्या, आणि आजच्या वादांतले दोन्ही पक्ष, आमच्या मतें, या दोन रीतींचेच वंशज आहेत.

प्रथम तालमीकडे वळूं. गडी तेथें अनवाणी कां, असें विचारलें तर सहज उत्तर मिळतें कीं ती मारुतीची जागा आहे. कोनाड्यांत मारुतीची मूर्ति, हौदांत उतरतांना चिमूटभर माती कपाळास लावावयाची, मग नमस्कार, मग जोर-बैठका. अशा ठिकाणीं जोडा नेणें म्हणजे देवळांत नेण्यासारखेंच. हें खरें आहे. पण या पूज्यभावाच्या पाठीशीं मोठी कारागिरी उभी आहे, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. हौदांतली माती ही रस्त्यावरची माती नव्हे. तांबडी माती आणून, चाळून, खडा न् खडा वेंचून, तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती मुरवावी लागते, आणि रोज फावड्यानें उकरून मोकळी करावी लागते. हें उकरणें हाच नव्या पोरांचा पहिला व्यायाम. अशा मातींत पाऊल किंचित् रुततें, पण घसरत नाहीं. अंगठा रोवून पकड घट्ट धरतां येते. पडणारास लागत नाहीं. तेथें चामड्याचा तळ आला तर तो घसरेल, प्रतिपक्ष्याची पोटरी सोलून काढील, आणि रस्त्यावरचें शेण व काटे हौदांत आणील तें निराळेंच. तात्पर्य, जोडा बाहेर ठेवण्यांत देवाचा मान होता तशी गड्याची सोयही होती. आणि ही सोय शक्य झाली ती कोणी तरी जमीन आधीं तयार करून ठेवली होती म्हणून. अनवाणी व्यायामाचे गोडवे गाणारे लोक ही मधली पायरी नेहमीं विसरतात.

मल्लखांबाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांच्या नांवाशीं ही विद्या जोडलेली आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबास मांड्या, पोटऱ्या व तळवे यांनीं धरून राहावयाचें असतें. दोरीच्या मल्लखांबांत तर पायाचा अंगठा व त्याच्या शेजारचें बोट यांच्या बेचक्यांत दोर धरतात, आणि सबंध शरीराचा भार क्षणभर त्या दोन बोटांवर येतो. येथें बूट घालणें म्हणजे हातमोजे घालून सतार वाजविण्यापैकीं होय.

घरांतल्या व्यायामाची जमीन सारवणाची होती. माजघरांत किंवा ओसरीवर पहांटे जोर काढणाराच्या तळहातांखालीं व चवड्यांखालीं शेणामातीचा थर असे; तो थोडा दबे, थोडा ऊब धरी. औंधचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार मांडला तो अशाच घरांकडे पाहून. त्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले, १९२८ सालीं त्यांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि १९३८ सालीं लंडनहूनही त्यांचें पुस्तक निघालें. या व्यायामास ना हौद लागे, ना वस्ताद, ना उपकरण. साडेतीन हात जागा असली कीं झालें. स्त्रियांनींही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि ज्या घरांतली सून तालमीच्या वाटेसही जाऊं शकत नव्हती त्या घरांत व्यायाम शिरला तो या मार्गानें. नमस्कारांत पायाचा चवडा इतक्या वेळां दुमडतो व उलगडतो कीं जोडा असता तर तो अडथळाच झाला असता. तेव्हां घरचा व्यायाम अनवाणी, ही गोष्ट इतकी गृहीत होती कीं तिची चर्चा करण्याचें कोणास कारणच पडलें नाहीं.

येथवरचा इतिहास वाचून एखाद्यास वाटेल कीं अनवाणी पाऊल हें आपल्या संस्कृतीचें सहजसुंदर लक्षण होतें, आणि बूट हें परक्याचें लोढणें. असें म्हणणाऱ्यांशीं आमचें भांडण आहे. आपल्या खेड्यापाड्यांतून अनवाणी राहणें ही सर्वांची निवड नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसानें वरच्या आळींतून जातांना पायांतलें पायताण काढून हातांत घ्यावें, ही रीत अनेक गांवीं होती. आणि तें पायताण ज्याच्या हातानें शिवलें त्या चांभारास तरी ती कोठें माफ होती! वडीलधाऱ्या पुरुषांसमोर सुनेनें वहाणा घालूं नयेत, हीही तशीच रीत. तालमीबाहेर जोडा काढून ठेवणारा गडी आपल्या खुषीनें अनवाणी होत असे, कारण परततांना तो जोडा त्याची वाट पाहत असे. ज्यास जोडा घालण्याचीच बंदी, त्याच्या अनवाणी पायांस साधेपणा म्हणून गौरविणें हा क्रूरपणा आहे.

हाच जोडा राजदरबारींही मानापमानाचें कारण झाला होता. इंग्रज साहेबासमोर जातांना हिंदी मनुष्यानें आपल्या रिवाजाप्रमाणें जोडा काढावा, असा साहेबांचा आग्रह असे. १८६२ सालीं सुरतेच्या अदालतींत माणेकजी कावसजी एंटी यांनीं न्यायाधीशासमोर जोडा काढण्याचें नाकारलें, आणि मुंबई इलाख्यांत त्यावर पुष्कळ वाद माजला. देवळांत आम्ही जोडा काढतों तो भक्तीनें. कचेरी हें देऊळ नव्हे, असा या वादांतला मुद्दा होता. पायांतली वस्तु काढण्यांत किती अर्थ सांठलेले असतात हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढची हकीकत नीट समजते.

ती हकीकत पुण्याची आहे. डेक्कन जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे पहिले अध्यक्ष. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक शर्यती पाहण्यास ते गेले. दहा वर्षांनंतर, १९२९ सालीं, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं त्या दिवसांचें वर्णन केलें आहे. धावणारे सारे शेतकरी वर्गांतले, शेतांत राबणारे, सुक्या भाकरीवर वाढलेले, मैदान ओबडधोबड, युरोपीय नियमांची कोणास गंधवार्ता नाहीं, शंभर यार्डांची शर्यत वळणावरून धावावयाची असे बेत! पायांत कांहीं नाहीं. आणि एवढें असून त्यांच्या वेळा पाहून टाटा चकित झाले, कारण त्या युरोपांतल्या कसलेल्या धावपटूंच्या वेळांशीं ताडून पाहण्यासारख्या होत्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मध्यस्थीनें हिंदुस्थानास १९२० च्या अँटवर्प येथील सामन्यांत भाग घेण्याची परवानगी मिळाली. पुण्यास निवड झाली, आणि सहा जणांचा संघ बोटीनें निघाला. त्यांत बेळगांवचा फडेप्पा चौगुले होता, साताऱ्याकडचा सदाशिव दातार होता, कुस्तीकरितां कुमार नवले व रणधीर शिंदे होते.

हे गडी आधीं लंडनमध्यें राहिले व तेथें त्यांची तयारी झाली. वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. ज्यानें आयुष्यभर पायाच्या कातड्यानेंच रस्ता ओळखला, खडी कोठें टोंचते आणि धूळ कोठें मऊ आहे हें ज्याचा तळवा बुद्धीच्या आधीं जाणतो, त्यास परक्या थंडींत, परक्या रस्त्यावर, परक्या नियमांनीं धावावयाचें. त्या वर्षींचा मॅरेथॉनचा पल्ला ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा, म्हणजे ऑलिंपिकच्या आजवरच्या इतिहासांत सर्वांत लांब होता. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. कुस्तींत रणधीर शिंदे चौथा आला. पदक एका कुस्तीनें हुकलें. या सहा जणांची आठवण आज किती घरांतून निघते, हें सांगावयास नको. आमच्या दृष्टीनें त्यांतली महत्त्वाची गोष्ट ही कीं टाटांनीं ज्या पायांत सामर्थ्य पाहिलें त्यांत दारिद्र्यही होतें, आणि दोन्ही एकाच तळव्यांत होतीं. बूट द्या म्हणणारे दारिद्र्य पाहत होते. अनवाणीच चांगलें म्हणणारे सामर्थ्य पाहत होते. अर्ध्या पायाकडे पाहून कोणाचाच निवाडा पुरा होत नाहीं.

चेंडूच्या खेळांत हेंच पुन्हा घडलें. १९११ सालीं मोहन बागानच्या बहुतेक खेळाडूंनीं अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या बूटवाल्यांस हरविलें, आणि अनवाणी पाय हा देशाभिमानाचा विषय झाला. १९४८ सालीं लंडन येथें हिंदी संघांतले बहुतेक गडी अनवाणीच फ्रान्सशीं खेळले व दोनास एक असे निसटते हरले. १९५२ सालीं हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें दहा गोल चढविले, तेव्हां मात्र अभिमान ओसरला आणि बूट सक्तीचे झाले. १९५० च्या विश्वचषकास आपला संघ अनवाणी खेळूं देत नाहींत म्हणून गेला नाहीं, ही गोष्ट अजून चवीनें सांगतात. खरीं कारणें निराळीं व बरींच कमी नाट्यमय होतीं. त्याच हेलसिंकीस गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. मातींत घडलेल्या या मल्लास मॅटवरची कुस्ती निराळी शिकावी लागली होती. पायाखालची जमीन बदलली कीं पायही बदलावा लागतो, हें त्यांनीं कोणत्याही व्याख्यानाहून चांगलें दाखविलें. आणि १९६० सालीं रोमला इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें मॅरेथॉन अनवाणी जिंकली, ती जगानें डोक्यावर घेतली. पण चार वर्षांनीं टोकियोस त्यानेंच ती बूट घालून, आणि तीन मिनिटे कमी वेळांत जिंकली, हें फारसें कोणी सांगत नाहीं!

आतां विद्वानांचें म्हणणें. १९९२ सालीं मणिपाळच्या उदय भास्कर राव व बेंजामिन जोसेफ या दोघा डॉक्टरांनीं चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचें प्रमाण शेंकडा ८.६ निघालें, न वापरणाऱ्यांत २.८. वाढत्या पावलाची कमान मोकळेपणीं चांगली धरते, असा त्याचा रोख. आणि घरांत मुलांनीं अनवाणी खेळावें-बागडावें यास याहून चांगला आधार आम्हांस ठाऊक नाहीं. २०१० सालीं डॅनियल लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं जन्माचे अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात व टाचेचा दणका टाळतात. जाड टाचेच्या बुटांत वाढलेला मनुष्य टाचेवर आदळतो. हें वाचून पुष्कळांनीं बूट फेंकून दिले व ते धावत सुटले. त्यांपैकीं कांहींनीं पोटऱ्या व पावलांचीं हाडें दुखावून घेतलीं. चाळीस वर्षांची संवय चार दिवसांत जात नाहीं.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथें आर्थर लूस यांनीं शोधून काढलें कीं अंकुशकृमि पायाच्या कातडींतून शरीरांत शिरतो. मळ व ओल असलेल्या जमिनीवर अनवाणी राबणाऱ्या कष्टकऱ्यांचें रक्त या कृमीनें पिढ्यान्‌पिढ्या शोषलें. पुसेगांवसारख्या गांवच्या चिखलांत पायताण हातांत घेणाऱ्यांनीं ही किंमत कोणास न विचारतां भरली असेल. आणि आजच्या मध्यम स्थितींतल्या घरांतला मोठा शत्रु मधुमेह. त्यांत तळव्याची संवेदना मंद होते, टोंचलेलें कळत नाहीं, जखम चिघळते. म्हणून अशा रोग्यानें घरांतही अनवाणी वावरूं नये असें डॉक्टर सांगतात. तेथें आजोबांच्या पायांतला जोडा म्हणजे औषध आहे, आणि औषधास देवघरानें आक्षेप घेऊं नये.

राहिला प्रश्न घराच्या जमिनीचा, आणि आमच्या मतें सारें तेथेंच अडतें. सारवण गेलें, शहाबादी फरशी आली. ती गेली, आतां आरशासारख्या लाद्या आल्या. सारवणावर घडलेली संवय आपण दगडावर नेली आणि वर परंपरेची साक्ष काढली. नमस्कार, आसनें, जोर-बैठका या लादीवरही अनवाणीच घालाव्या, फक्त खालीं न घसरणारी चटई असावी. सतरंजी नको, ती पायाखालून पळते. वजन उचलतांना मऊ, फुगीर तळाच्या बुटापेक्षां उघडा तळवा अधिक स्थिर. मात्र वजन पायावर पडलें तर कापडी बूट कांहीं वांचविणार नाहीं, हें ओळखून हात संभाळावा. दोरीवरच्या उड्या कठीण लादीवर अनवाणी मारूं नयेत. टाचेस त्या जमिनीकडून कांहींच क्षमा मिळत नाहीं, आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडूनही नाहीं. धावण्याच्या यंत्राचा पट्टा तापतो व कातडें सोलतो, तेथें बूट हवाच. सर्वांत वाईट म्हणजे नुसते मोजे घालून लादीवर व्यायाम करणें. त्यांत अनवाणी पायाची पकडही नाहीं आणि बुटाचें रक्षणही नाहीं. असल्या तडजोडीनेंच अधिक लोक आपटतात असा आमचा संशय आहे.

विटाळाची जी शंका उरते तिचा उलगडा कुस्तीगीरांनींच आपल्यापुरता करून टाकला आहे. आज पुष्कळ तालमींत मातीचा हौद आहे आणि शेजारीं मॅटही आहे. सकाळीं मातींत उतरणारा पोरगा अनवाणी असतो, माती कपाळास लावतो. संध्याकाळीं तोच मॅटच्या कडेशीं बसून कुस्तीचे बूट चढवितो. हे बूट तो पिशवींतून आणतो, मॅटवरच घालतो आणि मॅटवरून उतरतांच काढतो. रस्त्याची धूळ त्यांस लागूं देत नाहीं. मारुतीचा कोनाडा तेथून दहा हातांवर असतो.